पहिल्या केमोआधीचे दोन दिवस

वाचकांचे प्रश्न : पुरुषांचे आरोग्य

कॅन्सरचे उपचार सुरू होण्याआधी पुरुषाला आपले वीर्य गोठवून ठेवता येते, असे दोन महिन्यांपूर्वी मी याच सदरात एका उत्तराच्या ओघात लिहिले होते. त्यानंतर कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, पनवेल अशा भागांतून इतकी पत्रे आली की या वेळचे सगळे सदर त्यांनाच द्यायचे ठरवले. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या या पत्रांत एक वाक्य मात्र सारखे होते : "हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही."

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. वृषणाच्या कॅन्सरमुळे माझे उजवे वृषण तीन आठवड्यांपूर्वी काढले आणि येत्या सोमवारपासून केमो सुरू होणार आहे. केस जातील, उलट्या होतील, तोंड येईल, हे रुग्णालयात नीट समजावून सांगितले. पण पुढे मूल होण्याविषयी कोणी काही बोलले नाही. कंपनीतल्या मित्राने तुमचे सदर वाचून मला सांगितले. माझे लग्न झालेले नाही. अविवाहित माणसाला वीर्य गोठवता येते का? आणि आता तेवढा वेळ उरला आहे का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी संपादकांनी मला फोन केला आणि संध्याकाळी आपण बोललो, कारण अंक निघेपर्यंत थांबावे असा हा प्रश्न नव्हता. आपल्यात झालेले बोलणे तुमच्या परवानगीने इथे सविस्तर देतो, म्हणजे ज्यांना असा मित्र भेटणार नाही त्यांच्याही ते हाती पडेल.

वेळ आहे. दोन दिवस असले तरी पुरतात. एकच दिवस हाती असेल तर एक नमुना द्यावा, पण तो केमोची पहिली सलाईन लागण्याआधी द्यावा. केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी सतत विभागत असल्याने त्याही या तडाख्यात सापडतात. एक शुक्राणू पूर्ण तयार व्हायला साधारण सत्तर-चौऱ्याहत्तर दिवस लागतात, त्यामुळे उपचार सुरू झाल्यावरही काही दिवस नमुन्यात शुक्राणू दिसतात, आणि इथेच फसगत होते. ते शुक्राणू औषधाच्या संपर्कात आलेले असतात, त्यांच्या गुणसूत्रांना इजा झालेली असू शकते आणि म्हणून ते साठवू नयेत असेच सांगितले जाते. "पहिली सायकल (केमोची एक फेरी) होऊ दे, मग बघू" हे घराघरांत ऐकू येणारे वाक्य म्हणूनच सर्वांत महागात पडते.

तुम्हाला मिळणाऱ्या तीन औषधांच्या केमोनंतर अनेक पुरुषांमध्ये दोन ते पाच वर्षांत शुक्राणू पुन्हा तयार होऊ लागतात, ही चांगली बाब आहे. परंतु कोणाचे परत येतील आणि कोणाचे नाही हे आधी सांगता येत नाही. वृषणाच्या कॅन्सरमध्ये उरलेले वृषणही पुष्कळदा मुळातच कमजोर असते. खरे तर वृषण काढण्याच्या शस्त्रक्रियेआधीच हा प्रश्न तुम्हाला विचारायला हवा होता. तसे झाले नाही, यात तुमची काही चूक नाही. रुग्णाने स्वतःहून विचारावे अशी अपेक्षा ठेवणेच मला अन्यायाचे वाटते. ज्याला कालपर्यंत आपल्याला कॅन्सर आहे हेही माहीत नव्हते, तो दहा वर्षांनंतरच्या बाळाविषयी विचारणार कसा? विचारण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यांची आहे.

आता प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. आधी रक्त घेतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि सिफिलिस या तपासण्या साठवणुकीसाठी लागतात. त्या रुग्णालयात आधीच झाल्या असतील तर रिपोर्टची प्रत सोबत न्यावी. नंतर केंद्रातल्या बंद खोलीत हस्तमैथुन करून निर्जंतुक डबीत नमुना द्यायचा असतो. एरवी आधीच्या वीर्यस्खलनानंतर दोन ते सात दिवसांचे अंतर पाळायला सांगतात, मात्र कॅन्सरच्या रुग्णासाठी हा नियम सैल केला जातो. चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांच्या अंतराने दोन-तीन नमुने दिले तरी चालतात. प्रयोगशाळेत शुक्राणूंची संख्या आणि हालचाल तपासतात, ग्लिसरॉल असलेले संरक्षक द्रावण त्यात थेंबाथेंबाने मिसळतात आणि ते बारीक नळ्यांत भरून, आधी नायट्रोजनच्या वाफेत थंड करून, उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवतात. टाकीचे झाकण उघडले की पांढरी वाफ काठावरून खाली सांडते आणि आतल्या डब्यात रंगीत नळ्या उभ्या दिसतात. प्रत्येक नळीवर नाव, क्रमांक आणि तारीख असते. आपली नळी टाकीत जाताना एकदा पाहू द्यावी अशी विनंती तुम्ही जरूर करा. मी माझ्या रुग्णांना ती दाखवतो, कारण ती पाहिल्यावर पुष्कळांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसतो.

गोठवून पुन्हा वितळवताना साधारण निम्म्या शुक्राणूंची हालचाल थांबते. तरीही नमुना कमी किंवा मंद असला तर खचून जाऊ नका. बेल्जियममध्ये १९९२ साली इक्सी या, एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याच्या पद्धतीने पहिली मुले जन्मली, तेव्हापासून एका स्त्रीबीजासाठी एक जिवंत शुक्राणू पुरेसा ठरू लागला. त्याआधी जे नमुने "उपयोगाचे नाहीत" म्हणून टाकून दिले गेले असते, ते आज आम्ही जपून ठेवतो. किती वर्षे टिकतात असेही तुम्ही विचारले होते. इंग्लंडमध्ये वृषणाचा कॅन्सर झालेल्या एका मुलाने सतराव्या वर्षी साठवलेल्या वीर्यापासून एकवीस वर्षांनी बाळ जन्मले. मँचेस्टरमधली ही घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेली आहे.

अविवाहित पुरुषाला स्वतःचे वीर्य स्वतःसाठी साठवता येते. इथे एक अनुभव सांगायलाच हवा. काही वर्षांपूर्वी मी एका एकोणीस वर्षांच्या मुलाला चिठ्ठी देऊन एका केंद्रात पाठवले, तर तिथल्या स्वागतकक्षात त्याला "पत्नीची सही आणा" असे सांगून परत पाठवले. तो कोणाला न विचारता घरी गेला, दुसऱ्या दिवशी दाखल झाला आणि त्याची केमो सुरू झाली. मला हे तीन आठवड्यांनी कळले. तेव्हापासून मी नुसती चिठ्ठी देत नाही. रुग्ण समोर बसलेला असतानाच केंद्रात फोन लावतो, रुग्ण कॅन्सरचा आहे आणि अविवाहित आहे हे स्पष्ट सांगतो आणि वेळ ठरवूनच फोन ठेवतो. तुम्हीही जाण्याआधी फोन करा आणि पहिल्याच वाक्यात "सोमवारी केमो आहे" असे सांगा. २०२१ च्या कृत्रिम प्रजननविषयक कायद्यानुसार अशा केंद्राची नोंदणी असावी लागते. नोंदणीचे प्रमाणपत्र मागून पाहायला संकोच करू नका.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याला लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) झाला आहे. डॉक्टरांनी वीर्य साठवण्याचे सुचवले, पण त्याच्याशी हे बोलायचे कसे? त्याचे वडील म्हणतात, आधीच पोर अशक्त झाले आहे, त्यात आणखी धातू जाऊन अशक्तपणा वाढेल. मी आई असून मलाच हे लिहिताना लाज वाटते आहे.
— एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, तुम्ही लाज बाजूला ठेवून लिहिलेत, हेच मुलासाठी मोठे काम केलेत.

आधी त्याच्या वडिलांची शंका घेऊ. वीर्य बाहेर गेल्याने अशक्तपणा येतो ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि भिंतींवरच्या जाहिरातींनी ती आणखी घट्ट केली आहे. शरीराच्या दृष्टीने एका नमुन्यात जाते ते चमचाभर द्रव. त्याने हिमोग्लोबिन कमी होत नाही, ताप वाढत नाही आणि केमो सोसण्याची ताकदही घटत नाही. त्यांना माझे हे उत्तर वाचायला द्या, आणि तरीही मन मानत नसेल तर तुमच्या डॉक्टरांशी त्यांना एकट्याने पाच मिनिटे बोलू द्या. बापाचा हा विरोध काळजीपोटी असतो, तो वाद घालून सुटत नाही.

मुलाशी तुम्ही स्वतः बोलण्यापेक्षा डॉक्टरांनी, समुपदेशकाने किंवा त्याला जवळच्या वाटणाऱ्या मामा-काकांनी बोलणे बरे, आणि त्या वेळी तुम्ही दोघांनीही खोलीबाहेर थांबावे. आईवडील समोर बसलेले असताना सोळा वर्षांचा मुलगा "हो" किंवा "नाही" यापलीकडे काही बोलत नाही, आणि बहुधा "नाही"च म्हणतो. दरवाजा बंद झाल्यावर तोच मुलगा नेमके प्रश्न विचारतो, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. शब्द साधे असावेत : "या औषधांनी तू बरा होणार आहेस, पण पुढे बाबा होण्यात अडचण येऊ शकते, म्हणून आज थोडे बी राखून ठेवू." शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलांना बियाण्याची ही उपमा चटकन कळते, ऐरोलीतल्या तुमच्या मुलाला बँकेतल्या ठेवीची कदाचित अधिक कळेल. त्याने पूर्वी कधी हस्तमैथुन केले नसेल किंवा भीतीने त्या दिवशी जमले नाही, तर त्याला दोष देऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करता येतो. तेही जमले नाही तर कंपन देणाऱ्या उपकरणाने, किंवा भूल देऊन वृषणातून सुईने वा छोट्या छेदाने शुक्राणू मिळवता येतात. मात्र पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार कमी असतील तर छेद देणे धोक्याचे ठरते, म्हणून हा निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांनीच घ्यावा.

तो अल्पवयीन असल्याने संमतिपत्रावर पालकांची सही लागेल. पण ती करण्याआधी त्याचा होकार घ्या. त्याने ठामपणे नकार दिला तर त्याच्यावर जबरदस्ती करू नये, असे माझे मत आहे.

वयात न आलेल्या मुलांविषयीही दोन पत्रे आहेत. त्यांच्या शरीरात शुक्राणू तयारच होत नसल्याने वीर्य साठवता येत नाही. वृषणाचा तुकडा काढून गोठवण्याचे काम जगात काही ठिकाणी चालते, पण ते अजून प्रयोगाच्या अवस्थेत आहे.

प्रश्न : मी कोपरखैरण्यात कॅन्सरग्रस्तांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटात आहे. खारघरच्या टाटा स्मारक केंद्रात उपचारासाठी आलेली कुटुंबे आमच्या परिसरात भाड्याने खोली घेऊन राहतात. वीर्य साठवण्याचा खर्च कोणत्या योजनेत किंवा विम्यात बसतो? आणि ही सोय गरिबांपर्यंत पोहोचावी म्हणून आम्ही काय करू शकतो?
— एक कार्यकर्ती, कोपरखैरणे

उत्तर : महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो, किरणोत्सार आणि शस्त्रक्रिया येतात. वंध्यत्वाशी संबंधित उपचार मात्र, तिला जोडूनच राबवल्या जाणाऱ्या आयुष्मान भारतच्या वगळलेल्या बाबींत आहेत. खासगी आरोग्य विम्यात तर विमा नियामकाने ठरवून दिलेल्या अपवादांपैकी सतरावा अपवाद वंध्यत्व आणि कृत्रिम प्रजननाचाच आहे, त्यामुळे तुमच्याकडे येणाऱ्या कुटुंबाचा दावा बहुधा नामंजूर होईल. मला यात मोठी विसंगती दिसते. केमोने रक्तातल्या पेशी घटल्या, तर त्यावरचे उपचार कॅन्सरच्या उपचारांत धरले जातात. त्याच केमोने शुक्राणू जाणार असतील, तर ते वाचवण्याचा खर्च मात्र "वंध्यत्व" या कप्प्यात टाकला जातो. हा माणूस वंध्य नाही. सरकारमान्य उपचारामुळे तो वंध्य होऊ शकतो, आणि ते टाळण्याचे साधन काही हजार रुपयांत मिळते.

इतर देशांनी हा कप्पा बदलला आहे. फ्रान्समध्ये १९७३ पासून वीर्य साठवणारी केंद्रे सार्वजनिक रुग्णालयांना जोडलेली आहेत आणि कॅन्सरच्या रुग्णाचा खर्च सामाजिक विम्यातून होतो. अमेरिकेत कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड या राज्यांनी २०१७ मध्ये विमा कंपन्यांना कायद्यानेच हा खर्च उचलायला लावला. महाराष्ट्राने जन आरोग्य योजनेच्या कॅन्सर पॅकेजमध्ये "केमोपूर्व वीर्य साठवण" ही एक ओळ वाढवावी, एवढीच माझी मागणी आहे. स्त्रियांच्या बीजसंवर्धनाचा खर्च आणि वेळ दोन्ही कितीतरी जास्त असतात, त्यांचाही विचार व्हायलाच हवा. पण पुरुषांच्या बाबतीत तर सरकारला परवडत नाही असे म्हणायलाही जागा नाही.

तोपर्यंत तुमच्या गटाला करण्यासारखे पुष्कळ आहे. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा विभागाला भेटा. निधी कुठून मिळू शकतो हे तिथल्या समाजसेवकांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्ण निधी असतो. ज्या धर्मादाय रुग्णालयात साठवणुकीची सोय आहे तिथे या निधीतून मदत मागता येईल. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला फाइलमध्ये आधीच लावून ठेवा, कारण दोन दिवसांत तहसील कार्यालयाची फेरी होत नाही. ठाणे आणि नवी मुंबईतल्या नोंदणीकृत केंद्रांना फोन करून तीन गोष्टी वहीत लिहून घ्या : कॅन्सरच्या रुग्णाला त्याच दिवशी घेतात का, रविवारी प्रयोगशाळा सुरू असते का, आणि दरवर्षीचे साठवण शुल्क किती. तिसरा प्रश्न लोक विसरतात. पहिल्या वर्षीचे पैसे कोणी दाता देतो. तिसऱ्या वर्षी शुल्क थकते, पत्ता बदललेला असतो, मोबाइल नंबर बंद असतो आणि केंद्राची पत्रे परत येतात. बिहार-बंगालमधून आलेल्या कुटुंबांसाठी तर हा फार मोठा धोका आहे. त्यांच्या गावचा पत्ता आणि आणखी एका नातेवाइकाचा नंबर केंद्रात नोंदवायला लावा. गावी परतल्यावर नमुना विशेष शीतपात्रातून जवळच्या शहरातल्या केंद्राकडे हलवता येतो, हेही त्यांना सांगा.

सर्वांत उपयोगी पडेल असे एक काम आणखी आहे. एका कागदावर मराठी, हिंदी आणि बांगला या तीन भाषांत एकच प्रश्न मोठ्या अक्षरांत छापा : "या उपचाराने मला पुढे मूल होण्यात अडचण येईल का, आणि आज काय करता येईल?" हा कागद रुग्णाच्या प्लास्टिकच्या पिशवीतल्या फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा. ओपीडीत शंभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना आठवण राहत नाही. त्यांना माणुसकी नसते असे मुळीच नाही. फाइल उघडताच प्रश्न समोर आला की ते उत्तर देतात.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी माझी केमो झाली. तेव्हा काहीच साठवले नव्हते. आता घरचे स्थळे पाहत आहेत. मी काय करावे?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : प्रथम वीर्याची तपासणी करून घ्या आणि शुक्राणू नसतील तरी एका रिपोर्टवर थांबू नका, काही महिन्यांनी ती पुन्हा करा. उशिराही शुक्राणू परत येतात. नमुन्यात एकही नसला तरी सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या शस्त्रक्रियेत वृषणात कुठेतरी थोडे सापडू शकतात. लैंगिक इच्छा आणि ताठरता यांना लागणारे संप्रेरक तयार करणाऱ्या पेशी केमोला अधिक दाद देत नाहीत, त्यामुळे तुमचे वैवाहिक जीवन बहुधा नीट राहील. कॅन्सरच्या उपचारांनंतर जन्मलेल्या मुलांना, कॅन्सर आनुवंशिक नसेल तर, वडिलांमुळे कॅन्सरचा धोका वाढल्याचे आढळलेले नाही.

स्थळाला मात्र साखरपुड्याआधी सगळे सांगा. मुलीला स्वतः भेटून सांगा, मध्यस्थामार्फत नको. दात्याचे वीर्य किंवा दत्तक मूल हे मार्ग आहेत, पण ते दोघांनी मिळून निवडायचे असतात.

प्रश्न : माझ्या पतीचे वीर्य साठवलेले आहे. संमतिपत्रात "मृत्यू झाल्यास" असा एक रकाना होता. त्यांनी तो कोरा सोडला. तो भरणे गरजेचे आहे का? आणि दहा वर्षांची मुदत असते म्हणतात, ते खरे का?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : रकाना अवश्य भरायला लावा, आणि भरण्याआधी दोघे शांतपणे बोला. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केमोआधी वीर्य साठवून नंतर मरण पावलेल्या एका अविवाहित तरुणाचे वीर्य त्याच्या आईवडिलांना देण्याचा आदेश दिला. संमती असेल तर मृत्यूनंतरच्या वापराला भारतीय कायद्यात बंदी नाही, असे न्यायालयाने म्हटले. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर याच्या उलट प्रसंग आला. तरुणाने मृत्यूनंतर नमुना नष्ट करावा असे लिहून दिले होते आणि त्याची आई तो जपण्यासाठी न्यायालयात गेली. निकाल लागेपर्यंत नमुना सांभाळण्याचा अंतरिम आदेश न्यायालयाने केंद्राला दिला. दोन्ही घरांतल्या दुःखाची कल्पना करवत नाही. कागदावर स्पष्ट इच्छा असली आणि ती घरच्यांना आधी ठाऊक असली, तर निदान न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही.

दहा वर्षांची कमाल मुदत कायद्यात दात्याचे बीज आणि भ्रूण यांच्या संदर्भात लिहिलेली आहे. स्वतःसाठी साठवलेल्या वीर्याची मुदत तुमचे केंद्र किती धरते आणि नूतनीकरण कसे करते, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

प्रश्न : केंद्रातल्या खोलीत मला जमत नाही. मी दिव्याला राहतो. घरून नमुना नेला तर चालेल का?
— एक वाचक, दिवा

उत्तर : चालेल, पण नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचायला हवा. डबी केंद्रातूनच आणावी, घरातली बाटली वापरू नये. तेल, साबण, थुंकी किंवा नेहमीचा निरोध यांचा उपयोग करू नये, कारण त्यांनी शुक्राणू मरतात. डबीवर नाव आणि वेळ लिहा आणि ती शर्टाच्या आत, पोटाजवळ ठेवा, म्हणजे अंगाची ऊब राहील. बर्फात किंवा एसीच्या झोतासमोर ठेवू नका. सकाळच्या गर्दीत दिव्याला गाडीत चढणेच कठीण असते, तेव्हा केंद्राकडून दुपारची वेळ मागून घ्या. नाहीतर केंद्राजवळ राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचे घर तासाभरासाठी मागा. कारण विचारले तर "तपासणी आहे" एवढेच सांगितले तरी पुरे.